धमनीचं वय ताटात ठरतं

रायगडच्या सुधागड तालुक्यातल्या पालीला बल्लाळेश्वराच्या दर्शनाला आलेला भाविक सहसा रिकाम्या हातांनी परतत नाही. देवळाच्या वाटेवरच्या दुकानांतून उडदाचे आणि पोह्यांचे पापड, मिरगुंड, कुरडया, कैरीचं लोणचं, आमसुलं, कडवे वाल असं बरंच काही त्याच्या पिशवीत जातं. पाऊस सुरू झाला की आसपासच्या वाड्यांवरच्या ठाकूर आणि कातकरी बायका शेवळं, टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली विकायला घेऊन बसतात. सुक्या मासळीला तर वर्षभर गिऱ्हाईक असतं. या बाजाराकडे आपण आजवर चवीच्या नजरेने पाहत आलो. शरीरातल्या मोठ्या धमन्यांचा विचार करून पाहिलं, तर त्यांना लवकर ताठर करणारं आणि त्यांची लवचीकता टिकवणारं, असं दोन्ही प्रकारचं अन्न इथे शेजारी-शेजारी मांडलेलं दिसतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की धमन्या किती लवकर ताठरतात हे बऱ्याच अंशी रोजच्या ताटावर अवलंबून असतं. एखादी गोळी घेऊन ते फारसं बदलत नाही. बदलतं ते ताटातलं मीठ आणि भाजी-कडधान्य यांचं प्रमाण बदलल्यावर. आणि या सगळ्याची सुरुवात आपल्या ताटाच्याही आधी, आईच्या ताटापासून होते.

आधी धमनीचं काम समजून घेऊ. हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावतं आणि दर ठोक्याला साधारण 70 मिलिलिटर रक्त महाधमनीत ढकलतं. हे रक्त तसंच्या तसं पुढे धावत नाही. महाधमनीची भिंत ताणली जाते, निम्म्याच्या आसपास रक्त क्षणभर सामावून घेते आणि हृदय विसावत असताना पुन्हा आकसून ते पुढे सोडते. त्यामुळे मेंदू आणि मूत्रपिंड यांसारख्या नाजूक अवयवांपर्यंत रक्त पोचतं ते धक्क्याने नव्हे, संथ धारेने. हे ताणणं-आकसणं ज्याच्या बळावर चालतं ते इलॅस्टिन नावाचं प्रथिन बहुतांशी आपण आईच्या पोटात असताना आणि लहानपणीच तयार होतं. मोठेपणी त्यात नवी भर जवळजवळ पडत नाही. दर ठोक्यागणिक ते थोडं थोडं झिजतं, त्याचे धागे तुटतात आणि भार कोलॅजेन या चिवट, न ताणणाऱ्या प्रथिनावर येतो. वर्षानुवर्षं उन्हात पडलेली रबरी नळी जशी कडक होते, तशी मग धमनी होते. धमनीत चरबीचे थर साचून ती अरुंद होणं हा आजार वेगळा. दोन्ही बरेचदा एकत्र आढळतात, पण चरबीचा थर नसलेली धमनीही ताठर असू शकते.

हा ताठरपणा मोजता येतो. मानेत आणि जांघेत नाडीची लहर कधी पोचली ते यंत्राने टिपतात आणि मधलं अंतर त्या वेळेने भागतात. तरुण, निरोगी माणसात ही लहर सेकंदाला पाच-सहा मीटर वेगाने धावते. धमनी जितकी ताठर, तितका वेग जास्त. सेकंदाला 10 मीटरच्या वर वेग गेला की तो धोक्याचा इशारा समजतात. 2010 मध्ये 17 अभ्यासांतल्या सुमारे 16 हजार लोकांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा वेगात दर एक मीटरच्या वाढीमागे हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका सुमारे 14 टक्क्यांनी वाढलेला आढळला. वय आणि इतर कारणं हिशेबात धरल्यानंतरचा हा आकडा आहे. असं यंत्र गावच्या दवाखान्यात नसतं, पण एक ढोबळ खूण प्रत्येकाच्या केसपेपरवर लिहिलेली असते. साठीच्या माणसाचं ‘वरचं’ प्रेशर 160 आणि ‘खालचं’ 70 निघालं की घरची मंडळी म्हणतात, खालचं तर चांगलं आहे, मग काळजी कसली? खरं तर काळजीचं कारण त्या दोन आकड्यांमधल्या अंतरातच आहे. धमनी ताणली जात नाही म्हणून वरचा आकडा चढतो, आणि विसाव्याच्या वेळी पुढे सोडायला तिने रक्त साठवलेलंच नसतं म्हणून खालचा उतरतो. उतारवयात हे अंतर रुंदावत गेलं, तर धमन्या ताठरत असल्याचा तो पुरावा समजावा.

यावर पहिला आक्षेप येतो तो वयाचा. म्हातारपणी केस पिकतात तशा धमन्याही ताठरणारच, त्यात जेवणाचा काय संबंध? वयाचा वाटा मोठा आहे, हे मान्यच. पण सगळ्या समाजांत हा बदल सारख्या वेगाने होत नाही. 1980च्या दशकात अल्बर्ट अव्होलिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चीनमधल्या दोन लोकसमूहांच्या धमन्या तपासल्या. उत्तरेकडच्या बीजिंग शहरातले लोक बरंच मीठ खात, दक्षिणेकडच्या ग्वांगझू भागातले खेडूत त्या मानाने कमी. वयाबरोबर धमन्या दोन्हीकडे ताठरत होत्या, पण बीजिंगमध्ये त्या वेगाने ताठरत होत्या. शहर आणि खेडं यांत मिठाखेरीज आणखीही फरक असतात, म्हणून याच संशोधकांनी पुढे ऑस्ट्रेलियात स्वेच्छेने मीठ खूप कमी केलेल्या लोकांची तुलना तिथल्याच इतरांशी केली. रक्तदाब सारखा असतानाही कमी मीठ खाणाऱ्यांच्या धमन्या अधिक लवचीक निघाल्या. म्हणजे वयामुळे होणारा बदल अटळ असला, तरी त्याचा वेग अटळ नाही.

दुसरा आक्षेप अधिक नेमका आहे: मीठ कमी केल्याने रक्तदाब उतरतो, रक्तदाब उतरला की भिंतीवरचा ताण कमी होतो, मग यात धमनीच्या लवचीकतेचं वेगळं असं काय? रक्तदाबाचा हात यात आहेच, पण सगळा परिणाम त्याच्या खात्यावर टाकता येत नाही. धमनीच्या आतलं नाजूक अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतं आणि त्यामुळे भिंतीतले स्नायू सैल राहतात. या शोधासाठी 1998 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक दिलं गेलं. सोडियम जास्त झालं की या वायूची निर्मिती मंदावते आणि भिंतीत चिवट धागे वाढू लागतात. मीठ कमी करण्याचे प्रयोगही हेच सुचवतात. 2004 मध्ये अमेरिकेत वरचा रक्तदाब वाढलेल्या वयस्कांवर झालेल्या एका प्रयोगात मीठ घटवल्यावर मोठ्या धमनीची लवचीकता पहिल्या दोन आठवड्यांतच सुधारली. इतक्या थोड्या दिवसांत इलॅस्टिन नव्याने बनत नाही. सुधारतं ते स्नायूंचं आणि अस्तराचं काम. म्हणूनच साठी उलटलेल्यांनीही ‘आता काय उपयोग’ असं म्हणू नये. मात्र अनेक प्रयोगांची सरासरी काढली, तर नाडीलहरीच्या वेगात पडणारा फरक तीन टक्क्यांच्या आसपास आहे, हेही सांगायला हवं. एका माणसापुरता हा फरक लहान वाटेल. पण तो रोजच्या रोज आणि वर्षानुवर्षं लागू होतो, शिवाय त्याच्या जोडीला रक्तदाबही उतरलेला असतो.

आता कोकणातल्या ताटाकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे, म्हणजे सपाट चहाच्या चमचाभर. 2017-18 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात भारतीय प्रौढ माणसाचं सरासरी मीठ दिवसाला आठ ग्रॅमच्या आसपास निघालं. हे येतं कुठून? पाश्चात्त्य देशांत त्यातलं बहुतेक पाव आणि डबाबंद पदार्थांतून येतं, आपल्याकडे अजून ते मुख्यतः घरच्या स्वयंपाकातून येतं. रायगडच्या जेवणात भात बहुधा अळणीच असतो. त्याला चव आणायची तर कालवण खारं लागतं, आणि तोंडी लावायला लोणचं, पापड, सुकट लागते. छोटा चमचाभर लोणच्यात अर्धा ते एक ग्रॅम मीठ असतं, कारण लोणचं टिकतंच मुळी मिठावर. उडदाच्या पापडात तर सोडियम दोन वाटांनी शिरतं: एक मिठातून, दुसरी पापडखारातून. पापडखार हा सोडियमचाच क्षार आहे. तो जिभेला खारट लागत नाही, पण शरीर सोडियम मोजतं, खारटपणा मोजत नाही. मध्यम आकाराच्या एका पापडात साधारण अर्ध्या ग्रॅम मिठाइतकं सोडियम धरावं लागतं. भाजला काय नि तळला काय, त्यात फरक पडत नाही. दोन पापड आणि लोणच्याची एक फोड झाली, की दिवसाच्या मर्यादेचा तिसरा हिस्सा मुख्य जेवणाला हात लावण्याआधीच संपलेला असतो.

याचा अर्थ पापड-लोणची करणाऱ्या बायकांचा व्यवसाय वाईट, असा कुणी काढू नये. वर्षाकाठी सणासमारंभाला खाल्लेल्या पापडाने कुणाची धमनी ताठरत नाही. प्रश्न आहे तो पापड रोजच्या ताटात कायमचा येऊन बसण्याचा, आणि भाजीची जागा त्याने घेण्याचा. सुक्या मासळीतही निवड करता येते. सुके बोंबील आणि जवळा बहुधा मीठ न लावताच उन्हात वाळवतात. खारवलेल्या मोठ्या माशाच्या तुकडीत मात्र मीठ मांसात मुरलेलं असतं. ती तुकडी पाण्यात भिजवून, एकदा पाणी टाकून मग शिजवली, तर बरंच मीठ निघून जातं, आणि त्या कालवणात वेगळं मीठ घालायची गरज उरत नाही. हे पुष्कळ घरांत ठाऊक आहे. हवी ती फक्त रोजची सवय.

शेतावर राबणाऱ्या माणसाचा आक्षेप वेगळा असतो: घामावाटे मीठ जातं, ते भरून काढायला नको का? वैशाखाच्या उन्हात ढेकळं फोडणाऱ्याच्या किंवा आवणीत दिवसभर वाकलेल्या बाईच्या शरीरातून घामावाटे मीठ जातं, हे खरंच आहे. पण उन्हातल्या कामाला सरावलेलं शरीर घामातलं मीठ राखायला शिकतं आणि मूत्रपिंडंही ते अडवून धरतात. दुपारच्या पेजेत चिमूटभर मीठ घालायला कुणाची हरकत नाही. हरकत आहे ती राबण्याचे दिवस सरल्यावरही मिठाचं जुनंच प्रमाण चालू ठेवण्याला. आज पालीच्या घराघरांतली मंडळी दुकानात, कार्यालयात, रिक्षात बसून काम करतात आणि आजोबांइतका घाम त्यांना येत नाही. ‘आमच्या म्हाताऱ्याने सुकट-भाकरीवर नव्वदी गाठली’ हे उदाहरण देताना त्या म्हाताऱ्याने दिवसाकाठी तुडवलेले डोंगर आणि हंगामाप्रमाणे खाल्लेल्या पालेभाज्याही मोजायला हव्यात. शिवाय नव्वदी गाठलेला माणूस सर्वांना दिसतो. साठीत अर्धांगवायूने गेलेल्यांची आठवण घराबाहेर राहत नाही.

मीठ कमी करणं ही अर्धीच गोष्ट झाली. सोडियमच्या विरुद्ध दिशेने काम करणारं पोटॅशियम ताटात किती आहे, हे तितकंच महत्त्वाचं. ते मूत्रपिंडाला सोडियम बाहेर टाकायला लावतं आणि धमनीचे स्नायू सैल ठेवायला मदत करतं. ते मिळतं पालेभाज्यांतून, कडधान्यांतून, कंदांतून, फळांतून. याचा सर्वांत भक्कम पुरावा 2021 मध्ये चीनमधून आला. तिथल्या 600 खेड्यांतल्या जवळपास 21 हजार लोकांपैकी निम्म्यांना नेहमीचं मीठ दिलं आणि निम्म्यांना एक चतुर्थांश भाग पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं मीठ. हे लोक आधी पक्षाघात होऊन गेलेले किंवा रक्तदाब असलेले साठीपुढचे होते. सुमारे पाच वर्षांत दुसऱ्या गटात पक्षाघाताचं प्रमाण 14 टक्क्यांनी कमी भरलं. असं मीठ आपल्याकडेही मिळतं. मात्र मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये, कारण त्यांच्या रक्तात पोटॅशियम धोक्याच्या पातळीपर्यंत साचू शकतं. बाकीच्यांसाठी सुधागडच्या मातीतच त्याचा साठा आहे. भात कापून झाला की जमिनीतल्या उरल्या ओलीवर, पाणी न देता वाल होतो. हा वाल मोड आणून, सोलून केलेल्या बिरड्याच्या रूपात ताटात येतो. थंडीत ओल्या शेंगांची पोपटी लागते. पोपटीच्या मडक्यात पाणी घालत नाहीत. शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यात, आपल्याच वाफेवर शिजतात, म्हणून पाण्यात विरघळून वाया जाणारं पोटॅशियम शेंगेतच राहतं. पोपटीत खडे मीठ थोडं कमी टाकलं, तर धमनीच्या दृष्टीने याहून चांगलं जेवण शोधूनही सापडणार नाही.

पालेभाज्यांचं महत्त्व आणखी एका कारणाने आहे. त्यांत नायट्रेट भरपूर असतं. जिभेच्या मागच्या भागावरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि शरीर त्यातून तोच नायट्रिक ऑक्साइड बनवतं, ज्याची निर्मिती जास्त मिठाने मंदावते. 2015 मध्ये लंडनमध्ये रक्तदाबाच्या 68 रुग्णांवर प्रयोग झाला. त्यांतल्या निम्म्यांना चार आठवडे रोज 250 मिलिलिटर बिटाचा रस दिला. त्यांचा वरचा रक्तदाब सुमारे आठ अंकांनी उतरला आणि नाडीलहरीचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरहून अधिक कमी झाला. रस बंद केल्यावर हा फायदा ओसरला, म्हणजे रोजचं खाणं रोजच लागतं. बिटाचं अप्रूप करायचं कारण नाही. नायट्रेट माठातही आहे, पालकातही आहे. भाजी शिजवण्याची पद्धत मात्र पाहावी. भारंगीचा पाला कडू म्हणून उकडून, पिळून पाणी टाकावंच लागतं. पण माठ, कुर्डू, कोवळा टाकळा यांना त्याची गरज नाही. त्यांचं पाणी टाकलं की पोटॅशियम आणि नायट्रेट दोन्ही मोरीत जातात.

माशांच्या बाबतीत पुरावा बऱ्यापैकी आहे. ओमेगा-3 या स्निग्धाम्लांनी धमन्यांची लवचीकता सुधारते, असं 2011 मध्ये अनेक प्रयोगांच्या आढाव्यातून दिसलं. आपल्या किनाऱ्यावर ही स्निग्धाम्लं भरपूर असतात ती बांगडा आणि तारली या स्वस्त माशांत. महागड्या पापलेटच्या मागे लागायची गरज नाही. भाताचं गणित साखरेशी जोडलेलं आहे. रक्तात साखर सतत जास्त राहिली की ती कोलॅजेनच्या धाग्यांना चिकटते आणि ते एकमेकांत जखडतात, म्हणून मधुमेहींच्या धमन्या त्यांच्या वयाच्या मानाने लवकर ताठरतात. पॉलिशच्या तांदळाचा ढीग थोडा उतरवून त्या जागी वाल, कुळीथ, वरकस जमिनीवरची नाचणी आणली, तर साखर आणि वजन दोन्ही आटोक्यात राहतात. वजन आठ टक्क्यांच्या आसपास उतरलं, तरी नाडीलहरीचा वेग कमी होतो, असं दिसून आलं आहे.

इथे कुणी विचारेल, एवढ्या खटपटीपेक्षा यातलं नेमकं सत्त्व गोळीतून घेतलं तर? गोळ्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. मॅग्नेशियमचंच पाहा. 2016 मध्ये 24 आठवडे मॅग्नेशियम दिलेल्या लोकांत नाडीलहरीचा वेग चांगलाच घटला. पुढे तितक्याच आठवड्यांच्या दुसऱ्या प्रयोगात काहीच फरक पडला नाही. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचीही गत साधारण हीच. जखडलेले कोलॅजेनचे धागे सोडवणारं एक औषध 2001 मध्ये आशा दाखवून गेलं, पण ते बाजारात कधीच आलं नाही. याचं कारण मला असं दिसतं, की धमनीवर एकट्या घटकाचा परिणाम होत नाही. सोडियम किती, त्याच्यासमोर पोटॅशियम किती, साखर किती, वजन किती, या सगळ्याचा मिळून होतो. हे सगळं एकाच वेळी बदलण्याची सोय गोळीत नाही, जेवणात आहे. अर्थात, ज्यांना रक्तदाबाची औषधं चालू आहेत त्यांनी ताट सुधारलं म्हणून ती परस्पर बंद करू नयेत.

राहिला आईच्या ताटाचा मुद्दा, आणि मला तो सर्वांत निकडीचा वाटतो. इलॅस्टिनचा साठा गर्भात आणि बालपणी ठरतो हे आपण पाहिलं. इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये जन्मलेल्या माणसांच्या धमन्या त्यांच्या पन्नाशीत तपासल्या, तेव्हा जन्मतः लहान असलेल्यांच्या धमन्या अधिक ताठर आढळल्या. त्यावरून 1997 मध्ये ख्रिस्तोफर मार्टिन आणि स्टीफन ग्रीनवाल्ड यांनी असा सिद्धान्त मांडला, की पोटात वाढ खुंटलेल्या बाळाच्या महाधमनीत इलॅस्टिनच कमी पडतं आणि पुढच्या रक्तदाबाची बीजं तिथे असतात. आता याच्या जोडीला पुण्याचं काम ठेवू. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांच्या आहाराचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन पावणेतीन किलोच्याही आतच होतं. आईने किती उष्मांक खाल्ले यापेक्षा तिच्या जेवणात हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा आलं, याच्याशी बाळाच्या वाढीचा संबंध अधिक घट्ट निघाला. या अभ्यासात धमन्या मोजलेल्या नव्हत्या, त्यामुळे दोन्ही गोष्टींची सांगड घालणं हा माझा तर्क आहे. पण तो तर्क चुकला तरी पालेभाजी खाल्लेल्या आईचं आणि बाळाचं काही नुकसान होणार नाही.

सुधागडच्या कातकरी वाड्यांचा विचार केला की हा मुद्दा केवळ घरच्या सवयीचा राहत नाही. दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर जातात, गरोदर बायकाही जातात. गावची अंगणवाडी मागे राहते, रानभाजीचं रान मागे राहतं, आणि भट्टीवर उरतो तो भात, मिरची-मीठ आणि सुकट. रानभाज्यांची ओळख ज्यांना सर्वांत जास्त आहे, त्यांच्याच बाळांच्या धमन्या अशा कमकुवत पायावर घडाव्यात, ही गोष्ट आपण सहन करू नये. महाराष्ट्रात 2015 पासून आदिवासी क्षेत्रांतल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना आहे. तसं जेवण भट्टीवर गेलेल्या प्रत्येक आईपर्यंत पोचलं पाहिजे, आणि त्यात पालेभाजी रोज असली पाहिजे.

नाडीलहरीचा वेग हे अखेर एक मोजमाप आहे. तो कमी केला म्हणून आयुष्य नेमकं किती वाढेल, हे कोणत्याही एका प्रयोगाने सिद्ध झालेलं नाही. पण मीठ, पोटॅशियम, पालेभाज्या, मासे, वजन यांचे वेगवेगळे पुरावे जेव्हा एकाच दिशेला बोट दाखवतात आणि त्या दिशेने जायला खर्चही लागत नाही, तेव्हा आणखी थांबण्यात शहाणपण नाही. कालवणातलं मीठ महिन्याभरात थोडं थोडं कमी करावं. जीभ तेवढ्यात सरावते, आणि आमसुलाचा आंबटपणा त्या सरावाला मदत करतो. पापड-लोणचं सणावारी ठेवावं, आणि भाजी व कडधान्य ताटात आधी वाढावं. घरात गरोदर बाई असेल तर पहिली वाटी तिची. पालीच्या बाजारातून पिशवीत काय भरायचं, हे प्रत्येक घर आज ठरवू शकतं. वाडीवरच्या आईला ती निवड मिळवून देणं हे मात्र आपल्या सगळ्यांचं आणि शासनाचं काम आहे.